मालाडच्या एकाच आवारात तीन तऱ्हेचं पाणी: खाडीचं, कातळाचं की गटाराचं?

प्रश्न: गच्चीवरची_टाकी

नमस्कार मंडळी. मालाड पश्चिमेला, लिंक रोडच्या खाडीकडच्या अंगाला आमची सोसायटी आहे. जागा जुन्या खाजणाच्या कडेची, भराव टाकून उंच केलेली. आवारात एक जुनी विहीर आणि दोन बोअर. पिण्याला पालिकेचं पाणी. हे तिन्ही फ्लश, गाड्या, जिने आणि बाग यांसाठी. मे महिन्याचा पूर्ण अहवाल खाली देतो (ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, मायक्रोसीमेन्स/सेंमी, पीएच सोडून बाकी सगळं मिग्रॅ/लिटर).

विहीर, २६ फूट, फाटकाशेजारी: ईसी ९८०, पीएच ७.१, कॅल्शियम ८८, मॅग्नेशियम २६, सोडियम ७२, पोटॅशियम १४, बायकार्बोनेट ३१०, क्लोराइड ९६, सल्फेट ४८, नायट्रेट ६२.

बोअर १, २०० फूट, खाडीकडच्या कुंपणाला लागून: ईसी ४३००, पीएच ७.२, कॅल्शियम २२०, मॅग्नेशियम १००, सोडियम ५००, पोटॅशियम १२, बायकार्बोनेट २५६, क्लोराइड १२४०, सल्फेट १३०, नायट्रेट ४. अधूनमधून कुजक्या अंड्याचा वास.

बोअर २, ३०० फूट, रस्त्याकडच्या बाजूला: ईसी ६२०, पीएच ८.३, कॅल्शियम १२, मॅग्नेशियम ६, सोडियम ११८, पोटॅशियम १, बायकार्बोनेट २७५, क्लोराइड ४८, सल्फेट १४, नायट्रेट २.

ऑक्टोबरमध्ये तीनच गोष्टी तपासल्या. विहीर: ईसी ६४०, क्लोराइड ४२, नायट्रेट ८८. बोअर १: ईसी २१००, क्लोराइड ५२०. बोअर २ जवळजवळ तसाच.

आता अडचणी. बोअर १ चं पाणी मचूळ आहे, ते खाडीचं की आणखी कशाचं? पावसाने विहिरीतलं सगळं कमी झालं, मग नायट्रेट वाढलं कसं? बोअर २ चं पाणी चवीला गोडं म्हणून बागेला तेच देतो, तरी मातीवर कडक पापुद्रा येतो आणि पाणी मुरत नाही, ते का? आणि गच्चीचं पावसाचं पाणी बोअर १ मध्ये सोडावं का? एक विक्रेता तिन्हींसाठी मिळून एकच सॉफ्टनर बसवा म्हणतोय.

---

कातळपाणी:

सॉफ्टनर सध्या बाजूला ठेवा. आधी आयनांचा (पाण्यात विरघळलेल्या धन-ऋण भाराच्या कणांचा) ताळा करून अहवाल भरवशाचा आहे का ते पाहू. मिग्रॅच्या आकड्यांना यांनी भागा: कॅल्शियम २०.०४, मॅग्नेशियम १२.१५, सोडियम २३, पोटॅशियम ३९.१, पलीकडे बायकार्बोनेट ६१, क्लोराइड ३५.४५, सल्फेट ४८.०३, नायट्रेट ६२. येतात ते मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे भाराच्या हिशेबाने मोजलेलं प्रमाण. धन आणि ऋण बाजूंची बेरीज जवळपास सारखी आली पाहिजे, फरक दोन्हींच्या एकूण बेरजेच्या ५ टक्क्यांच्या आत. तुमची विहीर १०.० विरुद्ध ९.८, बोअर १ साठी ४१.३ विरुद्ध ४२.०, बोअर २ साठी ६.२५ विरुद्ध ६.२. छान जुळतंय. ताळा बरोब्बर शून्य आला असता तर उलट शंका घेतली असती, कारण काही ठिकाणी सोडियम मोजतच नाहीत, बाकीचे आकडे वजा करून उरेल तो सोडियमच्या रकान्यात भरतात.

आता मूळ पाणी. मुंबईखालचा कातळ मुख्यतः दख्खनच्या बेसॉल्टच्या कुटुंबातला, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा, मध्ये राखेचे आणि शेलचे थर, मढ-मनोरीकडे ऱ्हायोलाइट-ट्रॅकाइट हे वेगळे ज्वालामुखी खडक. पावसाचं पाणी मातीतून उतरताना कार्बन डायऑक्साइड उचलतं, ते सौम्य आम्ल बेसॉल्टमधली प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन ही खनिजं झिजवतं. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका मिळतात. क्लोराइड मात्र बेसॉल्टमध्ये नगण्य. म्हणजे क्लोराइड दिसलं की ते बाहेरून आलेलं: समुद्रातून, पावसासोबत उतरलेल्या समुद्राच्या तुषारांतून किंवा माणसाकडून. टीडीएसचं (विरघळलेल्या एकूण क्षारांचं) मीटर हे काहीच सांगत नाही. ६०० टीडीएस निव्वळ कातळाचाही असू शकतो आणि गटाराचाही.

बोअर १: समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९,००० मिग्रॅ क्लोराइड असतं. इथल्या मूळ गोड्या पाण्याचं ३० धरलं तर (१२४० − ३०) ÷ १९,००० म्हणजे सुमारे ६.४ टक्के समुद्राचं पाणी मिसळलेलं आहे. नुसतं मिसळलं असतं तर सोडियम ७०० च्या आसपास हवं होतं, आहे ५००. कॅल्शियम ७५-८० हवं होतं, आहे २२०. मिलिइक्विव्हॅलंटमध्ये बघा: सोडियम सुमारे ९ ने कमी, कॅल्शियम सुमारे ७ ने जादा. खारं पाणी पहिल्यांदा गोड्या पाण्याच्या थरात घुसतं तेव्हा तिथल्या चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियम बसलेलं असतं. सोडियम त्याची जागा घेतं आणि कॅल्शियम सुटून पाण्यात येतं. सोडियम-क्लोराइडचं मोलर (कणांच्या संख्येचं) गुणोत्तर समुद्रात ०.८६, तुमच्याकडे ०.६२. खारं पाणी पुढे सरकत असल्याची ही खूण आहे. कठीणपणा ९६० ला गेलाय त्यातही या अदलाबदलीचा मोठा वाटा आहे. समुद्राने थेट आणलेला त्यातला निम्मादेखील नाही.

सल्फेटही १७० च्या वर हवं होतं, १३० आहे. वासाचं कारण हेच. खाजणाच्या काळ्या चिखलात सेंद्रिय कचरा भरपूर आणि ऑक्सिजन नाही, तिथले जिवाणू सल्फेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात.

बोअर २ ची गोष्ट अगदी उलटी. तिथे सोडियम-क्लोराइडचं गुणोत्तर ३.८, कॅल्शियम नावाला. कातळातलं कॅल्शियमयुक्त गोडं पाणी झिओलाइट (बेसॉल्टच्या पोकळ्यांतली, आयनांची अदलाबदल करणारी खनिजं) आणि चिकणमाती असलेल्या पट्ट्यांतून सावकाश जातं, तिथे कॅल्शियम अडकतं आणि सोडियम सुटतं. मालाड-कांदिवलीच्या जुन्या खाणी झिओलाइटसाठी संग्राहकांना माहीत आहेतच. तो पट्टा कधीकाळी खाऱ्या पाण्याने भिजलेला असला तर त्याच्याकडे सोडियमचा साठाही असतो. मे आणि ऑक्टोबरमध्ये फरक नाही आणि नायट्रेट २, म्हणजे वरच्या पावसाशी आणि गटाराशी या पाण्याचा थेट संबंध नाही. म्हणूनच ते जपून उपसा. इतक्या सावकाश भरणारं पाणी तितक्याच सावकाश परत येतं.

विहीर: कॅल्शियम आणि बायकार्बोनेट कातळाचं, त्यात भरावातल्या सिमेंट-डेब्रिजची भर. पण पोटॅशियम १४? बेसॉल्टच्या पाण्यात ते साधारण १ ते ३ असतं. पोटॅशियम, नायट्रेट आणि क्लोराइड तिन्ही एकदम चढलेले, हे सांडपाण्याचं लक्षण. फाटकाजवळून मलनिःसारणाची लाइन किंवा पर्जन्यवाहिनी जाते का ते पाहा.

नायट्रेट पावसानंतर वाढण्याचं कारण साधं आहे. उन्हाळ्यात गळणारं सांडपाणी विहिरीच्या वरच्या कोरड्या मुरमात मुरतं. त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात असतो आणि मातीला चिकटून राहतो. पुढे हवा लागून त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेट मातीला चिकटत नाही. पावसाचा पहिला मोठा लोंढा ते सगळं धुऊन विहिरीत आणतो. क्लोराइडचा असा साठा होत नाही, म्हणून ते पातळ होतं. डिसेंबरमध्ये पुन्हा तपासलंत तर नायट्रेट उतरलेलं दिसण्याची शक्यता जास्त.

---

रसायनशाळा:

वरच्या विश्लेषणाशी सहमत, पण विहिरीच्या बाबतीत निर्णयाआधी चार चाचण्या राहिल्यात: अमोनिया, नायट्राइट, ई. कोलाय (विष्ठेतला जिवाणू) आणि बोरॉन. ई. कोलाय सापडला तर गळती ताजी आणि जवळची. नुसतं नायट्रेट भरपूर आणि ई. कोलाय शून्य, तर दूषण जुनं किंवा लांबचं. बोरॉन कपड्यांच्या पावडरीतून येतं, पण समुद्रातही लिटरला साडेचार मिग्रॅच्या आसपास असतं, म्हणून बोअर १ मध्ये ते मोजण्यात अर्थ नाही. फक्त विहिरीत मोजा. समुद्र की सांडपाणी असा वाद उरलाच तर क्लोराइड-ब्रोमाइड गुणोत्तर काढा. समुद्रात वजनाने ते २९० च्या जवळ असतं, मिठाचा वापर झालेल्या सांडपाण्यात बरंच वर जातं, कारण खाण्याच्या मिठात ब्रोमाइड कमी. ब्रोमाइडसाठी आयन क्रोमॅटोग्राफ असलेली लॅब लागेल.

नायट्रेटच्या आकड्याचं एकक लॅबला विचारा. ‘नायट्रेट’ म्हणून ४५ ची मर्यादा आहे (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००, २०१२, यात सवलतीची वरची मर्यादा नाही). काही अहवाल ‘नायट्रेट-नायट्रोजन’ देतात, त्याला ४.४३ ने गुणावं लागतं. तुमचा ताळा जुळतोय म्हणजे आकडे नायट्रेटचेच आहेत.

नमुना कुठून घेतला ते लिहा. गच्चीच्या टाकीतून घेतला असेल तर त्यात पालिकेचं पाणी मिसळलेलं असतं. तलावांचं ते पाणी इतकं हलकं की सगळे आकडे पाडतं.

नमुना घ्यायची पद्धत:

बोअरमध्ये उभं राहिलेलं पाणी आधी काढून टाका. साडेसहा इंची बोअरमध्ये मीटरला सुमारे २१ लिटर पाणी असतं. २०० फुटी बोअर, पाणी ८ मीटरवर, म्हणजे ५२-५३ मीटर स्तंभ, साधारण ११०० लिटर. त्याच्या तिप्पट, म्हणजे ३३०० लिटर उपसा. मिनिटाला ६० लिटरचा पंप असेल तर ५५ मिनिटं. ईसी, पीएच आणि तापमान पाच-पाच मिनिटांनी घेतलेल्या तीन वाचनांत स्थिर झालं की मग बाटली भरा, तीही पंपाच्या तोंडाजवळच्या नळावरून.

एक लिटरची बाटली काठोकाठ भरा, आम्ल घालू नका. ही क्लोराइड, सल्फेट, क्षारतेसाठी (अल्कलिनिटी, इथे मुख्यतः बायकार्बोनेट). नायट्रेटची बाटली बर्फात, ४८ तासांच्या आत लॅबला. अमोनियासाठी वेगळी बाटली, सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ च्या खाली. धातूंसाठी २५० मिली, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली. गाळण्याआधी आम्ल घातलंत तर केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागातल्या संरक्षक पाइपाच्या) गंजाचे कण विरघळतात आणि नसलेलं लोह अहवालात येतं. जिवाणूंची बाटली लॅबकडूनच निर्जंतुक आणा, बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. पीएच जागेवरच मोजा, जमलं तर क्षारताही. बाटलीतून कार्बन डायऑक्साइड उडाला की पीएच आपोआप चढतो. बोअर २ चा ८.३ त्यामुळेही थोडा फुगलेला असू शकतो.

बोअर २ मध्ये फ्लोराइडही बघा. बेसॉल्टच्या पाण्यात ते सहसा कमी असतं. पण कॅल्शियम कमी झालं की फ्लोराइडला धरून ठेवणारं कुणी उरत नाही. राज्यात यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर या जिल्ह्यांत त्याचा त्रास आहे, तिथला कातळ काही भागांत वेगळा आहे. इथे एकदा मोजून शंका मिटवा, एवढंच.

---

गच्चीवरची_टाकी:

आभार. नमुने तिन्ही पंपाच्या नळावरचे, पण बोअर १ चा पंप सुरू केल्या केल्या भरला होता. तो रोज सकाळी सलग ५ तास चालतो. फाटकासमोर मलनिःसारणाची लाइन आहे, विहिरीपासून सुमारे ४ मीटरवर. बोअर १ बंद करणंच बरं का? नवा बोअर आणखी खोल घ्यावा असं समितीत चाललंय.

---

बोअर_आणि_केसिंग:

खोल बोअरचे पैसे घालण्याआधी खारं पाणी वरून येतंय की खालून ते ठरवा. वरची मंडळी खाडीचं पाणी कातळातून आडवं घुसतंय असं धरून चाललीत. तुमची जागा खाजणाच्या भरावाची. तिथे भरावाखाली काही मीटर खारा चिखल असतो, त्याखाली मुरूम, मग कातळ. केसिंग कातळात निदान २ मीटर घुसलेलं आणि बाहेरची फट सिमेंटने भरलेली नसेल तर चिखलातलं खारं पाणी केसिंगच्या बाहेरून उतरून थेट बोअरमध्ये पडतं. खालचा कातळ गोडा असूनही बोअर मचूळ. लोखंडी केसिंग असेल तर सल्फाइड आणि क्लोराइडने त्याला काही वर्षांत भोकंही पडतात.

शोधायचं असं. पंप २४ तास बंद. प्रोब सोडायचा एक इंची पीव्हीसी डिप पाइप आधीच सोडलेला नसेल तर पंप वर काढताना तो सोडून घ्या, नाहीतर केबल पंपाच्या पाइपात गुंतते. १०० मीटर केबलचा ईसी प्रोब सोडून दर २ मीटरला वाचन. प्रोब आधी १४१३ आणि १२,८८० मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणांत तपासा आणि तापमान २५ अंशांवर आणून वाचतोय ना ते बघा. केसिंगच्या तळाशी ईसी एकदम उडी मारत असेल तर दोष वर आहे. ४०-५० मीटरवर उडी मारत असेल तर तिथली भेग खारी.

बंद बोअरमध्ये एक फसगत होते. वरच्या भेगेचा दाब जास्त असेल तर खारं पाणी आतल्या आत खाली उतरतं आणि अख्खा स्तंभ एकसारखा खारट दिसतो. म्हणून दुसरी फेरी पंप अगदी मंद, मिनिटाला १०-१५ लिटरवर चालवून घ्या. खारं पाणी नेमकं कुठून आत शिरतंय ते तेव्हा उघडं पडतं.

दोष वर निघाला तर आत साडेचार इंची लायनर पाइप, त्याच्या खालच्या टोकाला फट बंद करणारा रबरी पॅकर, वरची सगळी फट सिमेंटच्या पातळ घोळाने खालून वर भरत यायची. वरून ओतलं तर मध्ये पोकळी राहते आणि खर्च फुकट. भेग खालची असेल तर तळापासून तिच्यावर २-३ मीटरपर्यंत सिमेंटने बोअर बुजवा. दोन्हीकडे खारं निघालं तर मग बोअर सोडून देण्याचा विचार.

---

कातळपाणी:

केसिंगचा मुद्दा रास्त आहे आणि आयनांची गुणोत्तरं इथे दोघांत निवाडा देऊ शकत नाहीत. चिखलातलं पाणीही समुद्राचंच, अदलाबदलही तीच. सल्फेट कमी आणि वास, या दोन गोष्टी तर चिखलाकडेच बोट दाखवतात. त्यामुळे खोलीनुसार ईसीचं ते प्रोफाइल कराच.

त्याच्या जोडीला भरती-ओहोटीची चाचणी. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पंप बंद ठेवून दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी आणि ईसी नोंदवा, २५ तास सलग. दोन भरत्या आणि दोन ओहोट्यांचं चक्र २४ तास ५० मिनिटांचं, म्हणून दिवसभराच्या नोंदी अपुऱ्या पडतात. पातळी भरतीबरोबर हलली पण ईसी हलला नाही, तर तो फक्त दाब पोचतोय, पाणी नाही. यावरून घाबरून जाऊ नका. भरतीनंतर थोड्या उशिराने ईसीदेखील चढला, तर खाडीशी जोडलेली उघडी भेग आहे.

खोल बोअरबद्दल: नको. गोडं पाणी समुद्रसपाटीच्या वर जितकं उभं त्याच्या चाळीसपट खाली खारं पाणी असतं, हे सूत्र वाळूच्या थरांसाठी आहे. आपल्या कातळात पाणी भेगांतून आणि दोन लाव्हा थरांच्या सांध्यांतून चालतं. मुंबईतले थर पश्चिमेला कललेले. मलबार हिल आणि वरळीच्या टेकडीचा समुद्राकडे उतरता पसरट माथा आणि पूर्वेकडचा कडा बघितला की ते कळतं. म्हणजे एखादा सांधा तुमच्याखालून सरळ समुद्राकडे उतरत गेलेला असू शकतो. खोल गेल्याने गोडं पाणी लागेल याची हमी नाही, आणि समुद्र जवळ आहे म्हणून खारंच लागेल असंही नाही. चर्चगेटजवळची भिका बेहरामची विहीर १७२५ सालची, समुद्र हाकेच्या अंतरावर, पाणी गोडं. वाळकेश्वरचं बाणगंगा तसंच. जमिनीकडून येणाऱ्या गोड्या पाण्याचा दाब जिथे टिकून आहे तिथे समुद्र मागे राहतो. उपशाने तो दाब गेला की आत येतो.

म्हणून सलग ५ तासांचा उपसा थांबवा. ६० लिटर दराने ते १८,००० लिटर होतात. तासाच्या तीन पाळ्या, मध्ये निदान चार-पाच तासांची विश्रांती, आणि पंप ४०-४५ मीटरवर असेल तर प्रोफाइल बघून वर ओढा, म्हणजे पातळी फार खाली जाणारच नाही. पाळीच्या शेवटच्या मिनिटाला ईसी घ्या. सुरुवातीला ३००० आणि शेवटी ४५०० असेल तर खारं पाणी ओढलं जातंय. तुमचा मेचा नमुना सुरुवातीच्या पाण्याचा, त्यामुळे खरा आकडा ४३०० च्या वरही निघू शकतो. पातळीची तुलना समुद्रसपाटीशी करताना जपा, पालिकेच्या जुन्या नकाशांवरच्या उंच्या समुद्रसपाटीपासून नव्हे, तर टाउन हॉल डेटम या वेगळ्या संदर्भपातळीपासून मोजलेल्या असतात.

---

पागोळी:

गच्चीच्या पाण्याबद्दल. १००० चौरस मीटर गच्ची, वर्षाला २२०० मिमी पाऊस आणि ०.८ चा गुणक (पडलेल्यापैकी हाती येणारा वाटा) धरला तर १७ लाख ६० हजार लिटर. आकडा मोठा दिसतो, पण तुमच्यासारख्या सखल भरावात जुलैमध्ये भूजल जमिनीखाली जेमतेम मीटर-दीड मीटरवर असतं. जमीन आधीच भरलेली. खड्डा घ्या की बोअरमध्ये सोडा, पाणी मुरायला जागा नाही, ते कुंपणावरून रस्त्यावर येतं. १०० मिमीच्या एका दिवसात त्या गच्चीवरून ८०,००० लिटर येतात, तुमचा बोअर ते घेणार नाही. खात्री करायची तर पावसाळ्यात ५००० लिटर पाणी बोअरमध्ये सोडून पातळी पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. तास दोन तास लागत असतील तर नाद सोडा.

त्यापेक्षा फ्लशच्या टाकीला जोडा. पहिल्या पावसाचे २ मिमी, म्हणजे २००० लिटर, वाहून जाऊ द्या, मग जाळी आणि वाळूच्या गाळणीतून टाकीत. पावसाचे दिवस बोअर १ पूर्ण बंद राहील. तुमचेच आकडे बघा, पावसाने खाऱ्या पाण्याचं प्रमाण ६.४ वरून २.६ टक्क्यांवर आलं. उपसा नसेल तर ते आणखी उतरेल आणि उन्हाळ्यात उशिरा चढेल.

पुनर्भरण करायचंच तर विहिरीजवळ, मुरमात, सप्टेंबरच्या शेवटी पातळी उतरायला लागल्यावर. पण लाइनची गळती बंद झाल्याशिवाय नको, कारण मुरणारं पाणी तीच घाण विहिरीत ढकलेल. पार्किंगमधलं पाणी कशातही सोडू नका, त्यात तेल असतं.

---

गच्चीवरची_टाकी:

समितीला पटवता येईल असं दिसतंय. बागेचं आणि सॉफ्टनरचं तेवढं सांगा. विहिरीचं पाणी उकळून सुरक्षारक्षक पितात असं आज कळलं, ते चालेल का?

---

रसायनशाळा:

रक्षकांना आजच थांबवा. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटून ते उलट वाढतं. क्लोरीननेही जात नाही. ८८ म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. कुणाच्या घरी सहा महिन्यांच्या आतलं, वरचं दूध पिणारं बाळ असेल तर त्या दुधाला हे पाणी अजिबात लागता कामा नये, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते. फाटकाच्या केबिनला पालिकेच्या पाण्याचा नळ द्या आणि विहिरीच्या नळावर पाटी लावा. ४ मीटरवरची लाइन तपासायला रंगचाचणी करा: चेंबरमध्ये फ्लुरोसीन टाका आणि विहिरीवर दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. रंग आला तर गळती सिद्ध. नाही आला तर निर्दोष ठरवू नका, मुरमातून यायला जास्त दिवस लागू शकतात.

बाग: बोअर २ मध्ये क्षार कमी पण सोडियमचा वाटा फार. बायकार्बोनेट ४.५१ मधून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे १.०९ वजा केले तर ३.४ मिलिइक्विव्हॅलंट उरतात, २.५ च्या वर ते सिंचनाला अयोग्य धरतात. बायकार्बोनेट मातीतलं कॅल्शियम चुन्याच्या रूपात खाली बसवतं, सोडियम चिकणमातीवर चढतं, कण सुटे होऊन भोकं बुजतात. तुमचा पापुद्रा तो. म्हणून बागेला विहीर आणि बोअर २ निम्मं-निम्मं मिसळून द्या. तो शिल्लक आकडा १ वर येतो आणि विहिरीचं नायट्रेट झाडांना खत म्हणून कामी येतं. मुळाशी द्या, फवारू नका, आणि कोथिंबीर-पुदिन्याला हे पाणी नको. आधीच घट्ट झालेल्या वाफ्यांत जिप्सम मिसळून वर भरपूर पाणी द्या, नुसतं खोदून माती सुटणार नाही.

सॉफ्टनर: बोअर २ चा कठीणपणा ५५, तिथे तो कशाला? बोअर १ मध्ये तो कॅल्शियम काढून सोडियम घालेल, क्लोराइड १२४० चं १२४० च राहील, पाइप तसेच गंजतील आणि रेझिन सारखं मिठाने धुवावं लागेल. आरओ लावला तर कठीणपणा आणि सिलिका पडद्यावर बसतात, शिवाय नाकारलेलं पाणी आणखी खारट, ते कुठे सोडणार? बोअर १ फ्लशपुरता ठेवा, पीव्हीसी किंवा सीपीव्हीसी लाइनने, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) नको.

---

कातळपाणी:

एक राहिलं. बोअर १ कमी केल्यावर सगळा भार बोअर २ वर टाकू नका. तिथे सोडियम-क्लोराइड गुणोत्तर ३.८ आहे. दर तीन महिन्यांनी सोडियम आणि क्लोराइड मोजा. चव बदलायच्या खूप आधी क्लोराइड ४८ वरून ७०-८० कडे सरकेल, कॅल्शियम चढू लागेल आणि गुणोत्तर २ च्या दिशेने उतरेल, ही खारं पाणी येऊ लागल्याची खूण. असं दोन तपासण्यांत लागोपाठ दिसलं तर उपसा निम्म्यावर आणा आणि पुढच्या पावसापर्यंत तसाच ठेवा.